मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?

श्रोतेहो, नमस्कार.

हृदयविकाराचे निदान झालेला माणूस रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा त्याच्या फायलीत गोळ्यांची चिठ्ठी असते, पुढच्या तपासणीची तारीख असते आणि बहुधा एका ओळीत ‘मीठ व तेल कमी’ एवढे लिहिलेले असते. ती ओळ अमलात आणण्याचे काम घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईवर पडते आणि ती दुसऱ्याच दिवसापासून गॅसवर एक छोटे वेगळे पातेले चढवू लागते. त्या पातेल्यात बिनमिठाची डाळ असते, उकडलेला दोडका असतो, आणि शेजारच्या मोठ्या पातेल्यात घरातल्या बाकीच्यांसाठी नेहमीचा झणझणीत रस्सा उकळत असतो. आजच्या भाषणात मला या वेगळ्या पातेल्याविरुद्ध बोलायचे आहे. आहारतज्ज्ञ म्हणून कोल्हापुरातली अनेक घरे मी जवळून पाहिली आहेत, आणि माझे मत असे झाले आहे की पथ्य एका माणसाला लावले तर ते फार काळ टिकत नाही. ते घराला लावावे लागते.

आधी मिठाचा हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट भरलेल्या एका छोट्या चमच्याहून थोडे कमीच. हे निरोगी माणसाचे प्रमाण झाले. ज्याच्या हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झाली आहे, त्याचे प्रमाण त्याचे डॉक्टर ठरवून देतात. आता दिवसाचे मीठ कुणी तागडीत मोजत नाही, म्हणून मी बायकांना एकच प्रश्न विचारते: तुमच्या घरी मिठाचा एक किलोचा पुडा किती दिवस पुरतो? पाच माणसांच्या घरात दर माणशी ५ ग्रॅम धरले, तर दिवसाला २५ ग्रॅम होतात आणि किलोचा पुडा ४० दिवस पुरला पाहिजे. पुन्हा सांगते, माणसे पाच, पुडा एक किलोचा, दिवस ४०. तो वीस-बावीस दिवसांत संपत असेल, तर रुग्णाचे पातेले कितीही वेगळे असले तरी त्या घराचा हात मिठाला सैल आहे असे समजावे. लोणचे, पापड, फरसाण आणि बेकरीचा माल यांतून येणारे मीठ या हिशेबात आलेलेच नाही.

हा हिशेब मला एका वस्तादांच्या घरी नव्याने शिकायला मिळाला. ती हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

हे वस्ताद तरुणपणी नामांकित मल्ल होते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या, १९१२ साली पूर्ण झालेल्या खासबाग मैदानात ते लढलेले होते आणि पुढे तालमीत पोरांना डाव शिकवत होते. त्यांची कुस्ती सुटून वर्षे लोटली होती, जोर-बैठकाही सुटल्या होत्या, पण खुराक मात्र तसाच चालू होता. सकाळी बदामाची थंडाई, संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध, आठवड्यातून तीन वेळा मटण आणि भाकरीवर तूप. एका दिवाळीनंतर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर उपचार झाले आणि रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, बसला, पण तोवर हृदयाच्या स्नायूला इजा झालेली असल्यामुळे त्याची ताकद बरीच कमी झाली होती. अशा वेळी शरीरात मीठ साठले की त्याच्याबरोबर पाणी साठते, पायांवर सूज येते, वजन वाढते आणि आडवे झाल्यावर दम लागतो. म्हणून डॉक्टरांनी त्यांना मीठ अगदी कमी करायला सांगितले आणि रोज सकाळी, शौचाहून आल्यावर व काही खाण्याआधी, वजन करून लिहून ठेवायला सांगितले.

बहुतेक रुग्ण वजनाचा कंटाळा करतात. वस्तादांनी मात्र हे काम मनापासून केले, कारण आखाड्यात उतरण्याआधी वजन देण्याची सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती. देवघराशेजारच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात ते पेन्सिलीने किलो आणि ग्रॅम लिहीत. त्या कॅलेंडरमुळेच घोटाळा उघडकीस आला. पथ्य सुरू झाल्यावर वजन पहिल्यांदा उतरले, मग स्थिरावले आणि नंतर पुन्हा चढू लागले. तीन दिवसांत दोन किलो वाढलेले पाहून त्यांच्या मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेले. पाणी उतरवण्याची गोळी वाढवली गेली आणि आहार तपासण्यासाठी त्या दोघा नवरा-बायकोला माझ्याकडे पाठवण्यात आले.

मी विचारायच्या आधीच काकींनी बजावले, “मॅडम, ह्यांच्या जेवणात मी मिठाचा खडा बी टाकत न्हाई. देवाशपथ.” वस्तादांनी मान डोलावली आणि म्हणाले, “खरं हाय. मातीसारखं जेवतोय मी. आता काय जिभेला बी लंगोट घालू व्हय?” दोघांच्या बोलण्यात लपवाछपवी अजिबात जाणवत नव्हती. मी नेहमीचा प्रश्न विचारला, तर मिठाचा पुडाही पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरत होता. लोणचे बंद होते, पापड बंद होता, बाहेरचे खाणे बंद होते. मग मी विचारले की अशी सपक भाकरी-भाजी ते खातात तरी कशी. त्यावर काकी सहज म्हणाल्या, “त्यास्नी वाईच चटणी लागती की तोंडी लावायला. यंदा डबा लवकर सरला, संक्रांतीलाच तळ दिसला.”

कोल्हापूरच्या श्रोत्यांना चटणी म्हणजे काय हे सांगायला नको. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली आणि वर्षभर पुरणारी आपली कांदा-लसूण चटणी. मी काकींना त्यांचे प्रमाण विचारले, तेव्हा त्यांनी न अडखळता सांगितले: मिरची एक किलो, खोबरे, धणे, तीळ, कांदा, लसूण, गरम मसाला, आणि किलोला पाव किलो खडे मीठ. हे वाक्य पुरे होता होताच त्या थांबल्या आणि नवऱ्याकडे पाहू लागल्या. त्यांच्या हिशेबाने ती सगळी चटणी अडीच किलोच्या आसपास भरत असे, म्हणजे दर दहा ग्रॅम चटणीत एक ग्रॅम मीठ. वस्ताद दोन्ही वेळेला भाकरीबरोबर तेलात कालवलेली दोन-दोन, कधी तीन चमचे चटणी घेत होते, कारण भाजीला चव नव्हती. काकींनी पातेल्यातून जेवढे मीठ काढले होते, त्यातला मोठा भाग चटणीच्या वाटीतून परत ताटात येत होता आणि वर कच्चे तेलही येत होते. पथ्य जितके सपक, तितकी चटणी जास्त, असा हा प्रकार होता.

काकींनी पुढे जे केले, ते मी गेली काही वर्षे जिथे जाईन तिथे सांगते आहे. त्यांनी त्याच आठवड्यात थोड्या मिरच्या वाळवल्या, धणे, तीळ आणि मसाला भाजला आणि ते सगळे डंकावर नेऊन बिनमिठाचे कुटून मागितले. तिथे नंबराला बसलेल्या बायकांनी त्यांना खुळ्यात काढले. बिनमिठाची चटणी टिकायची नाही, जाळी धरेल, हा त्यांचा आक्षेप होता, आणि ओला कांदा-लसूण घातलेल्या चटणीपुरता तो खराही आहे. पण काकींनी कांदा, लसूण आणि खोबरे वगळून फक्त कोरडा मसाला कुटून घेतला होता. तो हवाबंद डब्यात चांगला राहतो. कांदा-लसूण त्या रोजच्या रोज फोडणीत ताजे घालू लागल्या. दुसरी गोष्ट त्यांनी केली ती याहून महत्त्वाची होती. छोटे पातेले त्यांनी फळीवर उपडे घातले आणि सगळ्या घरासाठी एकच कालवण करायला सुरुवात केली, ज्यात तिखट नेहमीचे आणि मीठ निम्मे. ज्याला हवे असेल त्याने वरून घ्यावे, असे सांगून मिठाची वाटी त्यांनी मुलांच्या बाजूला ठेवली आणि वस्तादांच्या हाताला लागणार नाही इतकी ती दूर ठेवली.

पहिले काही दिवस दोन्ही मुलगे कुरकुरले. सुनेने सासूची बाजू घेतली. तीन-चार आठवड्यांनी धाकटा मुलगा मित्रांबरोबर मिसळ खाऊन आला आणि कट खारट होता म्हणून तक्रार करू लागला. कट पूर्वीसारखाच असणार, याची जीभ बदलली होती. कमी मिठाची सवय व्हायला साधारण एवढेच आठवडे लागतात, फक्त ते आठवडे घरातल्या सगळ्यांनी मिळून काढावे लागतात. वस्तादांचे वजन कॅलेंडरवर खाली आले, पायांची सूज उतरली आणि डॉक्टरांना पाणी उतरवण्याची गोळी पुन्हा कमी करता आली.

या हकीकतीत मिरची निर्दोष सुटली, हे श्रोत्यांच्या लक्षात आले असेल. हृदयविकार म्हटले की आधी तिखट बंद करतात, आणि कोल्हापूरकराचे तिखट बंद केले की त्याचा जेवणावरचा विश्वासच उडतो. ज्याला आम्लपित्ताचा त्रास आहे, त्याने तिखट जपून खावे हे खरे. पण हृदयाला त्रास होतो तो तिखटाच्या सोबतीने येणाऱ्या मिठाचा आणि तेलाचा. जाता जाता सांगते, महामार्गावरच्या ढाब्यांत लाल रंग आणि बोटभर तर्री ओतून जे ‘कोल्हापुरी’ म्हणून विकले जाते, त्याच्याशी आपल्या घरच्या रश्श्याचा संबंध नाही. मीठ कमी केलेल्या भाजीला लसूण, आमसूल, लिंबू, भाजलेले जिरे, कोथिंबीर आणि हो, मिरची, हेच तारून नेतात. पुन्हा सांगते, तिखट चालेल. मीठ आणि तेल कमी.

मिठाच्या बाबतीत दोन धोके सांगून ठेवते. सैंधव मीठ हृदयाला चालते असा समज आहे, तो चुकीचा आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. दुसरे, बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातले पोटॅशियम आधीच वाढलेले असू शकते, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते धोकादायक ठरते. असे मीठ, तसेच रोजचे शहाळ्याचे पाणी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

तेलाचा हिशेब महिन्याचा ठेवावा. दर माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे पाच माणसांना अडीच लिटर, तेही तळणाचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा न तापवता. वनस्पती तूप घरात आणूच नये. तांबडा रस्सा सोडायची गरज नाही, पण तो आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवावा, सकाळी वर थिजलेला चरबीचा थर काढून टाकावा आणि मग तो गरम करावा. त्यात कातडी काढलेले चिकन किंवा मासे असावेत, मटण सणावारापुरते. पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधात आणि सुक्या खोबऱ्यात संपृक्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट) फार असतो, तेव्हा हा रस्सा वाटीभरावरून दोन घोटांवर आणावा. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. ते तापवून, थंड करून, साय काढून प्यावे. ताटात अर्धा भाग भाज्यांचा, बाकी ज्वारीची भाकरी, उसळ किंवा डाळ, आणि रोज एखादे फळ, एवढी मांडणी बहुतेकांना पुरते. मधुमेह जोडीला असेल तर साखरेऐवजी गूळ ही पळवाट नाही, मग तो गूळ आपल्या कोल्हापूरचा का असेना. हृदयाची झडप बदललेली असून रक्त पातळ करणारी वॉरफरीनसारखी गोळी चालू असेल, तर पालेभाजी बंद करू नये, पण तिचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. आले, लसूण, लिंबू आणि व्हिनेगरच्या काढ्याने रक्तवाहिन्यांतले अडथळे विरघळतात, असे जे मोबाइलवर फिरते, त्यावर विसंबून कोणीही गोळी सोडू नये.

चालण्याविषयी थोडक्यात सांगते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जावे. रंकाळा तलावावर चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य तुटत असेल तर वेग कमी करावा. जेवणानंतर लगेच चालू नये. जोर, बैठका आणि श्वास रोखून वजन उचलणे यांनी रक्तदाब एकदम वाढतो, म्हणून जुन्या पैलवानांनी तालमीत शिकवावे, पण स्वतः आखाड्यात उतरू नये. वस्ताद आता आखाड्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि तोंडाने डाव सांगतात.

तंबाखूत कमी करण्याजोगे काही नाही, ती बंदच करायची. विडी-सिगारेट, गुटखा, चुना लावून मळलेली तंबाखू आणि बायकांची मशेरी, सगळी एकाच माळेची. मशेरीला व्यसन न मानणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. तिच्यातले निकोटीन मात्र नाडी आणि रक्तदाब वाढवायला चुकत नाही.

शेवटी गोळ्या. स्टेंट बसवल्यानंतर रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या गोळ्या बरे वाटते म्हणून थांबवल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे आणि मगच गोळीबाबत ठरवावे. जोतिबाच्या यात्रेला किंवा गावाकडे जाताना गोळ्यांची पिशवी सगळ्यात आधी भरावी आणि चार दिवस जास्त पुरतील एवढ्या गोळ्या घ्याव्यात. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ, दरदरून घाम, यांपैकी काहीही जाणवले तर दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेण्याच्या भानगडीत न पडता माणसाला बसते करावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.

नमस्कार.