नाव लिहायचं नाही

(दृश्य: नाशिकची सातपूर औद्योगिक वसाहत. पहिल्या पाळीला निघालेले कामगार, त्याच रस्त्यानं शाळेत जाणारी मुलं.)

नववीच्या या तुकडीला आज विद्यार्थ्यांच्या आरोग्य पाहणीची प्रश्नावली सोडवायची आहे. तीत नावाला जागा नाही, हजेरी क्रमांकही नाही. पाहणीसाठी आलेल्या ताईंची ओळख करून देऊन वर्गशिक्षिका बाहेर गेल्या. त्या बाहेर जायलाच हव्यात. बाई पाठीशी उभ्या असतील तर तंबाखूच्या प्रश्नाला सगळा वर्ग ‘कधीच नाही’वर खूण करील.

(दृश्य: बाकावरचा कागद. मागच्या बाकाकडे एकदा बघून मुलगा उत्तर खोडतो, पुन्हा खूण करतो.)

ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेची. २००३पासून अनेक देशांत वापरली जाते. आधी पटसंख्येच्या प्रमाणात शाळा निवडायच्या, मग चिठ्ठ्या टाकल्यासारख्या तुकड्या. तुकडी निघाली की तिच्यातल्या प्रत्येक मुलाला बोलवायचं, हुशार-ढ असा भेद नाही. वेळ शाळेच्या एका तासिकेचा. खाणं, हात धुणं, खेळ, मारामारी, व्यसन, मनाची अवस्था, सगळं विचारायचं.

तंबाखूची वेगळी राष्ट्रीय पाहणी २०१९मध्ये झाली. १३ ते १५ वयाची ८.५ टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरत होती. शाळेपासून शंभर यार्डांत विक्रीला बंदी असतानाचा हा आकडा.

पण आरोग्य पाहणीत आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटले ते शेवटाकडचे साधे प्रश्न. गेल्या ३० दिवसांत तुझ्या शाळेतली बहुतेक मुलं प्रेमानं, मदतीच्या भावनेनं वागली का? आईवडिलांना तुझ्या अडचणी, काळज्या कळतात का? रिकाम्या वेळात तू काय करतोस, हे त्यांना खरंच माहीत असतं का? मुलाला सावरणारं कोणी आहे की नाही, ते इथे कळतं.

(दृश्य: सुरगाण्याकडचा घाट. आश्रमशाळेचं आवार, दोरीवर वाळणारे गणवेश.)

२००७मध्ये भारतात ही आरोग्य पाहणी झाली ती सीबीएसईच्या शाळांत. आश्रमशाळेतल्या या मुली तिच्यात कुठून असणार? यांचे आईवडील द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. ‘तुझा गृहपाठ झाला का, ते आईवडील पाहतात का?’ या प्रश्नावर सहावीतल्या धाकट्या बहिणीची वेणी घालणारी नववीतली ताई काय लिहील? घरचे पाहत नाहीत, म्हणून तिला आधारच नाही असं मांडणं चूक ठरेल. तिची अधीक्षिका आहे, खोलीतल्या मैत्रिणी आहेत. या पद्धतीत प्रत्येक देशाला आपले प्रश्न जोडता येतात. तेव्हा नाशिक जिल्ह्यात विचारायचं तर असं विचारावं: मनातलं तू कोणाला सांगतेस?

‘कोणालाच नाही’ असं उत्तर आलं, तर ते कोणाचं हे शोधता येणार नाही. शोधूही नये, तसा शब्द दिलेला आहे. म्हणूनच मदत सगळ्या वर्गापर्यंत पोचायला हवी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गात, वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत लावा. आणि तो फिरवायला मुलांच्या हाती फोन द्या.