रोहित पक्षी तिथी पाळतात

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘खाडीतले ऋतू आणि पक्ष्यांची ये-जा’. तो घेतोच. आधी मला सांगा, आज तिथी कोणती? पुढच्या रांगेतल्या आजींचा एकच हात वर. मग उद्या रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जाताना आजींना सोबत न्या, हेलपाटा होणार नाही.

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातल्या एका काकांनी मला हे शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सप्तमीला? सात पाऊणे सव्वापाच. पुनवेला न् अवसेला पाणी भर दुपारी चढतं, तेही उधाणाचं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढतही नाही न् फार उतरतही नाही. पुनव झाली की प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. काका जाळी विणता विणता हे सांगत होते, घड्याळाकडे एकदाही न बघता.

आता हाच हिशोब रोहितांना लावा. रोहित चोच उलटी धरून चिखलातलं शेवाळ, बारीक जीव गाळून खातो. तो चिखल उघडा पडतो ओहोटीला. उधाणाच्या भरतीत तो सगळा बुडतो, मग थवे उठतात आणि ठाणे खाडीलगतच्या नेरुळच्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. पाणी उतरलं की परत खाडीत. म्हणजे तळं ही त्यांची दर उधाणाची गरज आहे.

आणि तळ्यात पाणी येतं बांधाखालच्या मोरीतून. तिचं तोंड भरावानं बुजलं की भरती बाहेरच थांबते, आतलं पाणी कुजतं, वर हिरवी साय धरते. 2024 च्या उन्हाळ्यात नेरुळला रोहित मेलेले सापडले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मोरी साफ करा म्हणून अर्ज दिला, तर एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवतं, दुसरं तिसऱ्याकडे. या मधल्या काळात किती उधाणं वाया जातात! मला याचा खरोखर संताप येतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. तर ऋतू. जूनच्या पहिल्या सरींत वलगण, मासे ओढ्यातून शेतात चढतात. चातक आफ्रिकेतून पावसाच्या तोंडावर पोचतो. पाऊस सरता सरता तुतवार, हे छोटे पाणपक्षी, चिखलावर उतरतात. रोहितांचं गणित कच्छशी बांधलेलं आहे: तिथल्या रणात पावसाचं पाणी साचलं की वीण, ते आटत गेलं की नोव्हेंबरपासून आपल्याकडे, आणि मे-जूनमध्ये माघारी. तिकडे पाणी जास्त टिकलं तर इकडे ते उशिरा येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

ठाणे खाडीत 2015 साली अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण अभयारण्याची हद्द नेरुळच्या तळ्यांपर्यंत येत नाही. म्हणून येत्या पुनवेला, भरतीच्या तासभर आधी, तळ्यावर या. मोरीतून पाणी आत शिरतंय का ते बघू, फोटोवर तारीख न् तिथी दोन्ही घालू, आणि अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी देऊ.