गर पाहुण्याला, साल शत्रूला

फळझाडांतल्या औषधी अल्कलॉइडांबद्दल बोलण्याआधी तो एक शब्द निस्तरून घेऊ. ‘अल्कलॉइड’ हे नाव १८१९ साली माइसनर या जर्मन औषधनिर्मात्याने काढले. अर्थ एवढाच, की अल्कलीसारखे. नायट्रोजन असलेली, आम्लाबरोबर लवण देणारी, बहुधा कडू, आणि चिमूटभर मात्रेतही प्राण्याच्या मज्जासंस्थेवर कुरघोडी करणारी ही द्रव्ये. हलता-पळता न येणाऱ्या झाडाला ती उपयोगी पडतात हे ओघानेच आले.

पण फळझाडाची अडचण दुहेरी असते. बी लांब जावी म्हणून गर कोणीतरी खायला हवा, आणि पाने, साल, बी मात्र कोणी खाऊ नये. म्हणून गर गोड आणि विषाचा साठा बहुधा इतरत्र. वैद्यांनी नेमकी हीच ‘इतरत्र’ची जागा औषधासाठी हेरली.

आता ही परीक्षानळी बघा. यात डाळिंबाच्या मुळाच्या सालीचा शुद्ध केलेला अर्क सौम्य आम्लात घेतला आहे. अल्कलॉइड ओळखण्यासाठी वापरतात त्या ड्रॅगेनडॉर्फच्या अभिकर्मकाचे (चाचणीच्या द्रावणाचे) दोन थेंब टाकतो... नारिंगी साका खाली बसू लागला, मागच्या रांगेतूनही दिसत असेल. हा अल्कलॉइडचा इशारा. गोड दाण्यांच्या रसात असा रंग शोधून फारसे हाती लागणार नाही.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या एबर्स पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितात जंतांवर डाळिंबाचे मूळ सांगितले आहे. त्यामागचे द्रव्य १८७८ साली तान्रे या फ्रेंच औषधनिर्मात्याने वेगळे केले आणि त्याला पेलेतिए यांच्या नावावरून ‘पेलेटिएरिन’ म्हटले. कॅव्हेंतूंबरोबर क्विनीन वेगळे करणारे ते हेच पेलेतिए. पेलेटिएरिनमुळे पट्टकृमीची (आतड्यातल्या फितीसारख्या जंताची) पकड सुटते. तो मरतोच असे नाही, म्हणून मागोमाग जुलाब द्यायचा आणि सुटलेला कृमी बाहेर काढायचा. क्रम चुकला तर तो पुन्हा चिकटून बसणार.

यातली खरी गंमत टॅनिनची आहे. सालीत टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारे द्रव्य, भरपूर असते. ते अल्कलॉइडशी जोडी जमवून जवळजवळ न विरघळणारे संयुग करते. त्यामुळे औषध रक्तात कमी शिरते आणि आतड्यात, म्हणजे कृमी जिथे आहे तिथेच, जास्त राहते. पुढे औषधकोशांनी शुद्ध अल्कलॉइडऐवजी पेलेटिएरिन टॅनेटच स्वीकारले! काढा करणाऱ्याला हे रसायन ठाऊक नव्हते, पण काढ्यात ते आपसूक होते. आणखी एक: जुन्या साठवणीच्या सालीत अल्कलॉइड घटते, म्हणून ‘ताजी साल घ्या’ हा आग्रह निव्वळ सोवळेपणा नव्हता. मात्रा वाढली की चक्कर, उलट्या, दृष्टीत बिघाड हे सगळे व्हायचे. अधिक सुरक्षित औषधे आल्यावर पेलेटिएरिन मागे पडले, आणि ते बरेच झाले.

पपईचे थोडक्यात सांगतो. तिच्या पानांत कार्पेन नावाचे अल्कलॉइड असते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते हृदयाचा वेग मंदावते. चिकातले पपेन मात्र प्रथिने पचवणारे एन्झाइम आहे, अल्कलॉइड नव्हे. ही दोन नावे लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि मग एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात.

सीताफळाच्या कुळाबद्दल मला जरा जपून बोलायचे आहे. बियांची पूड उवांवर वापरतात. ती उवा मारते, हे खरे. पण डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा करते. १९९९ साली कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावरच्या डॉक्टरांनी पार्किन्सनसारख्या, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या आजाराचे रुग्ण वाजवीपेक्षा जास्त असल्याचे नोंदवले. त्यांपैकी अनेकजण सीताफळाच्याच कुळातले लक्ष्मणफळ आणि त्याच्या पानांचा काढा नेमाने घेत होते. आधी संशय रेटिक्युलिनसारख्या अल्कलॉइडांवर गेला, नंतर त्याच झाडातल्या अॅनोनासिन या द्रव्यावर, जे अल्कलॉइड नाही. कार्यकारणभाव आजही पुरता सिद्ध झालेला नाही. तरीही त्या पानांचा काढा रोज ‘कर्करोगावर’ म्हणून पिणाऱ्यांना मी थांबा असेच सांगेन.

एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘मग सीताफळ खायचे की नाही?’ बाई, खुशाल खा. एखादी बी गिळली गेली तरी कवच टणक असते, ती बहुधा तशीच बाहेर पडते. मात्र गराचा रस काढताना बिया आधी वेचून काढा, मिक्सरमध्ये दळल्या जाऊ देऊ नका.