कुत्र्याच्या हिरड्या रोज बघा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा लागला की कोल्हापुरात रोज सकाळी एकच विचारणा असते : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. पंचगंगेवर जशी आपली रोज नजर असते, तशीच घरच्या कुत्र्याच्या हिरड्यांवरही ठेवा, असं मला आज कळकळीनं सांगायचं आहे.

कुत्र्याचा वरचा ओठ हळूच उचला. हिरडी गुलाबी आणि ओलसर दिसायला हवी. बोटानं दाबली की ती पांढरी पडते. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली, तर ठीक. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी जरा ओढून आतला रंग पाहा. कुत्रा दुखणं अंगावर काढतो, म्हणून शेपूट हलवत दाराशी आला एवढ्यावर तो बरा आहे असं धरू नका.

हिरड्या फिक्या, पांढुरक्या दिसल्या तर पहिली शंका गोचीड तापाची घ्यावी. गोचीड रक्त पिते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण खरा घात होतो तिच्यातून शिरणाऱ्या जंतूंनी. काही जंतू तांबड्या पेशी फोडतात, काहींमुळे प्लेटलेट्स कमी होतात आणि नाकातून रक्त येतं. कुत्रा मलूल होतो, खाणं सोडतो, अंग तापतं. निरोगी कुत्र्याचं तापमानही साधारण 101 ते 102 फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून ताप कळत नाही. थर्मामीटरच हवा.

कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली रोज चाचपा. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, काडीचा चटका नको. आणि गोठ्यातलं गुरांचं औषध अंदाजानं कुत्र्याला कधीच चोळू नका, त्यानं विषबाधा होते. गोचिडीची मादी भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते, म्हणून कुत्र्याबरोबर त्याची झोपायची जागाही साफ करावी लागते.

हिरड्या फिक्या पडायचं आणखी एक कारण आपल्या ताटातच आहे. रविवारी उरलेला तांबडा रस्सा भातावर ओतून मायेनं कुत्र्यापुढं ठेवला जातो. त्यात कांदा असतो, लसूण असते, वर कांदा-लसूण चटणी. कांदा कच्चा असो, शिजवलेला असो की वाळवून कुटलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून दोष रश्श्यावर कोणी देत नाही. मटण द्यायचंच असेल तर फोडणीआधी, मीठ-मसाल्याशिवाय शिजवलेले हाडाविना तुकडे बाजूला काढा. शिजलेलं हाड नकोच, त्याची टोकं आतड्यात रुततात.

हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उलट्या सुरू झाल्या, तर लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदराच्या मुतातले हे जंतू पुराच्या पाण्यात आणि चिखलात टिकतात. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या आपल्या शहराला हे परकं नाही. कुत्र्यांसाठी याची लस आहे, पण ती दर वर्षी घ्यावी लागते आणि पावसाच्या आधीच घेतलेली बरी. आजारी कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही लागण होते, त्यामुळे साफ करताना हातमोजे घाला.

लहान पिल्लाच्या हिरड्या कोरड्या, चिकट लागल्या, उलट्या आणि रक्ताचे जुलाब असले तर पार्वो या आतड्यांच्या विषाणूजन्य आजाराची भीती असते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, रात्रीच डॉक्टर गाठा. लसी दीड-दोन महिन्यांपासून सुरू होतात आणि त्यांचे पुढचे डोस चुकवायचे नसतात. ताप उतरवायला घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मात्र कोणत्याही कुत्र्याला देऊ नका.

एका वेळी मात्र तोंडाला हात लावायचा नाही. कुत्रा अचानक बिथरला, लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, घशात काही अडकल्यासारखं वाटलं, तर दूर राहा, त्याला एकट्याला कोंडा आणि डॉक्टरांना बोलवा. तो रेबीज असू शकतो. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. तिला हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा, तिथं लस मोफत मिळते.