गुलमोहराची वाळकी फांदी

श्रोतेहो, नमस्कार.

येताना मी आजीचा जुना तांब्या पिशवीत घालून आणला आहे. जाड पत्र्याचा, हाताने मठारलेला. तो उपडा ठेवून रवीच्या दांड्याने मी त्यावर ठोकते आहे. ऐका. टुक... टुक... टुक... टुक. आता आठवून पाहा, हा आवाज तुम्ही कुठे ऐकलाय? उन्हाळ्याच्या दुपारी रस्त्यावरची वर्दळ जरा ओसरली, की जवळच्या एखाद्या झाडातून तो एका लयीत येत राहतो. पुष्कळांना वाटतं, शेजारी कुणाच्या घरात काम निघालंय, नाहीतर गच्चीवरचा पंप वाजतोय.

तो तांबट पक्षी आहे. आज मी बोलणार आहे ते त्याच्याविषयी आणि आमच्या इमारतीसमोरच्या गुलमोहराच्या एका वाळक्या फांदीविषयी.

माझं लहानपण पुण्यात कसबा पेठेत गेलं, तांबट आळीपासून चार पावलांवर. शाळेत जाता-येता कानावर ठोके पडायचे. बंब, घंगाळी, तपेल्या, कळशा, सगळं तिथे घडायचं. भांड्याच्या अंगावर जे चकचकीत खळगे दिसतात ना, ते मठारकाम. मला लहानपणी वाटायचं की ती नुसती नक्षी आहे. पुढे विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा त्यामागचं कारण कळलं. तांबं तापवलं की मऊ पडतं, म्हणून त्याला आकार देता येतो. पण मऊ भांडं वापरात टिकत नाही. कारागीर ते पुन्हा पुन्हा ठोकतात, तेव्हा धातूच्या आतल्या स्फटिकांची रचना दाबली जाते, एकमेकांत अडकते आणि पत्रा ताठ होतो. म्हणजे भांड्याला बळ येतं ते त्या ठोक्यांनी. एक ठोका इथे चुकवून चालत नाही, सगळे सारख्या अंतरावर, सारख्या जोराचे पडावे लागतात. ती लय माझ्या कानात बसली ती कायमची.

म्हणून लग्नानंतर उपनगरात राहायला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात गॅलरीत कपडे वाळत घालताना तोच ठोका ऐकला, तेव्हा मी हातातला पिळा तसाच ठेवून उभी राहिले. इथे कुठून आली तांबट आळी? आवाज समोरच्या गुलमोहरातून येत होता. दिसत मात्र कुणी नव्हतं. तीन दिवस मी त्याला शोधत होते. चौथ्या दिवशी अगदी शेंड्याच्या निष्पर्ण काटकीवर तो दिसला. चिमणीपेक्षा थोडा मोठा, गुबगुबीत, शेपूट आखूड. पाठ गवतासारखी हिरवी, कपाळावर आणि छातीवर लालभडक ठिपका, गळा पिवळा, डोळ्यांभोवती पिवळी कडी, पाय लाल. जाड चोचीच्या बुडाशी राठ मिशा. अंगावर तांब्याचा रंग औषधालासुद्धा नाही. त्याला नाव मिळालं ते कारागिराच्या हातोडीवरून. शास्त्रज्ञांनी मात्र त्याचं नाव रंगावरून ठेवलं. हिमासेफॅलस, म्हणजे रक्तासारख्या लाल डोक्याचा. मला आपलं नाव जास्त आवडतं. ते ठेवणाऱ्यांनी आधी कान दिला होता.

आणखी एक गंमत मला दुर्बीण हातात आल्यावर कळली. मला वाटत होतं, तो चोचीने लाकडावर ठोकत असेल. तसं मुळीच नाही. टुक म्हणताना त्याची चोच चक्क मिटलेली असते. गळ्याच्या दोन्ही बाजूंची कातडी प्रत्येक ठोक्याला रबरी फुग्यासारखी फुगते आणि बसते, डोकं हलकेच खाली-वर होतं. ठोका येतो तो गळ्यातून. आणि तो सापडत का नाही, याचंही कारण आहे. आवाज कुठून आला हे आपण दोन्ही कानांच्या हिशोबाने ठरवतो. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो. हा फरक असतो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, पण मेंदू तो टिपतो. आवाजात बारीक-जाड असे अनेक सूर मिसळलेले असले, तर मेंदूचं काम सोपं होतं. तांबटाचा ठोका जवळजवळ एकाच सुराचा. त्यात बोलता बोलता तो मान या बाजूला, त्या बाजूला वळवतो, आवाज लहान-मोठा होतो आणि आपल्याला वाटतं, पक्षीच जागा बदलतोय.

आमच्या इमारतीतल्या मुलांना मी हे करून दाखवलं. एकाचे डोळे बांधायचे, दुसऱ्याने दूर उभं राहून आधी किल्ल्यांचा जुडगा वाजवायचा, मग शिट्टीचा एकच सूर लावायचा. किल्ल्यांकडे सगळ्यांची बोटं बरोबर गेली. शिट्टीला निम्मी मुलं फसली. मग आम्ही घड्याळ लावून तांबटाचे ठोके मोजले. एका मिनिटात ११२. दुसऱ्या दिवशी, चढत्या उन्हात, ११८. आमच्या वहीत अशा नोंदी आता खूप झाल्या आहेत.

आता फांदीकडे येते.

तांबटाला शहराकडून दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांची फळं. ही झाडं त्याला वर्षभर सांभाळतात, कारण आजूबाजूच्या सगळ्या वडांना एकाच महिन्यात फळं येत नाहीत. प्रत्येक झाडाची वेळ निराळी. वडाच्या फळात फुलं आतल्या बाजूला असतात आणि परागीभवन करणारा इवलासा कीटक जेमतेम काही दिवस जगतो. एका झाडातून बाहेर पडल्यावर त्याला लगेच दुसरं तयार झाड मिळालं नाही, तर त्याचा वंश संपेल आणि वडाचाही. म्हणून कुठलं ना कुठलं झाड फळावर असतंच, आणि त्या कीटकाच्या गरजेवर तांबट, कोकिळा, बुलबुल, हळद्या, सगळे जेवतात. जुन्या वाड्यांच्या भिंतीतून पिंपळ फुटलेला दिसतो, तो याच पाहुण्यांनी लावलेला.

दुसरी गोष्ट म्हणजे वाळकी फांदी. तांबट हा सुतार पक्ष्याचा दूरचा नातेवाईकच, पण चोच सुतारासारखी छिन्नी नाही. जिवंत, कठीण लाकूड त्याला कोरवत नाही. शेवगा, पांगारा, गुलमोहर अशा मऊ लाकडाच्या झाडाची वाळलेली, आतून थोडी कुजलेली फांदी तो शोधतो. नर-मादी दोघं मिळून कोरतात. भोक अगदी गोल, कंपासने काढल्यासारखं, आणि बहुतेक वेळा फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. आत तीन-चार पांढरी अंडी. विणीचा हंगाम संपला तरी ढोली सोडत नाहीत, रात्री झोपायला येतात.

वडाला आपल्याकडे निदान कुणीतरी आहे. त्याला दोरे गुंडाळले जातात, तोडायचा म्हटलं तर चार माणसं रस्त्यावर येतात. वाळक्या फांदीला कुणी नाही. ती दिसली की आपल्या मनात एकच विचार येतो, ही पाडली पाहिजे. माझ्याही मनात तोच यायचा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे संपत आला होता. पावसाळ्याआधी झाडं छाटून घ्यायची म्हणून आमच्याकडे माणसं आली. गुलमोहराची ती फांदी गाड्यांवर आली होती आणि गुलमोहर वाऱ्यात मोडतो, हे खरं आहे. मी शाळेत होते. परत आले तेव्हा फांदीचे तीन तुकडे फाटकापाशी पडले होते. मधल्या तुकड्याला ते गोल भोक होतं. आत दोन पिल्लं. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, कातडीखालच्या शिरा दिसत होत्या. मी ती रुमालात घेतली, खोक्यात कापूस घातला, ओळखीच्या जाणकारांना फोन केले. संध्याकाळी एक गेलं. दुसरं पहाटे. दोन्ही दिवस तांबटाची जोडी त्या झाडावर येत होती. चोचीत फळ धरून फांदी होती त्या जागेजवळ येऊन बसायची, आणि पुन्हा उडायची.

श्रोतेहो, राग कुणावर काढायचा? छाटणाऱ्याला भोक दिसलं नाही, कारण ते खालच्या बाजूला होतं. आमच्या पदाधिकाऱ्यांना पावसाची काळजी होती. मला मात्र सगळं माहीत होतं. फेब्रुवारीपासून ती जोडी ढोली कोरताना मी वहीत लिहीत होते, तारखा टाकत होते. आणि मी कुणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. ज्ञान माझ्या वहीत होतं, झाडाखाली नव्हतं. ही बोच अजून जात नाही.

त्यानंतर मी कायदा वाचला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणंही येतं. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरांतल्या झाडांच्या जतनाचा स्वतंत्र कायदा आहे. झाड खाजगी आवारात असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. पण खरं सांगते, कायद्याचा कागद दाखवून आमच्याकडे काही बदललं नाही. बदललं ते दुर्बिणीने. पुढच्या फेब्रुवारीत नवी ढोली सुरू झाली, तेव्हा मी आमच्या अध्यक्षांना आणि चार-पाच आजी-आजोबांना खुर्च्या टाकून गॅलरीत बसवलं. पक्षी भोकात डोकं घालतो, चोचभर भुसा बाहेर टाकतो, पुन्हा डोकं घालतो. एक आजोबा कारखान्यात लेथवर काम केलेले. ते तासभर बघत बसले आणि म्हणाले, "अहो, ह्याला मोजमाप कोण देतं?" त्या दिवसापासून तेच त्या फांदीचे रखवालदार झाले.

मार्गही सापडला. फांदी धोकादायक असेल तर पूर्ण पाडावीच लागते असं नाही. पुढचा लांब, जड भाग कापून टाकला की वाऱ्याचा जोर कमी लागतो, आणि ढोली असलेला बुंध्याजवळचा खुंट तसाच ठेवता येतो. मात्र ते आधी बघावं लागतं आणि वेळ निवडावी लागते. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबायचं, गाड्या तेवढे दिवस दुसरीकडे लावायच्या. आमच्याकडे यावर दोन बैठका झाल्या, आवाज चढले, पण ठराव झाला. छाटणी करण्याआधी झाडाखाली उभं राहून अर्धा तास बघायचं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

आणि हे एकट्या तांबटासाठी नाही. झाडाच्या पोकळीत राहणारे पक्षी दोन तऱ्हेचे. तांबट आणि सुतार स्वतः कोरून घेतात. साळुंकी, पोपट, दयाळ, पिंगळा यांना कोरता येत नाही, ते तयार ढोलीत बिऱ्हाड करतात. आमच्याच आवारात सुताराने कोरून सोडलेल्या ढोलीत पोपटांनी दोन वर्षं पिल्लं काढली. एक खुंट गेला की त्याच्या मागे उभी असलेली सगळी रांग बेघर होते.

तुमच्यापैकी कुणाला नोंदी ठेवाव्याशा वाटल्या तर जरूर ठेवा. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते. भारत त्यात २०१३ पासून आहे. पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसेल, ऐकू येईल तो पक्षी लिहायचा, एवढंच काम. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल निघाला, तो ३० हजारांवर हौशी माणसांच्या अशाच नोंदींवर उभा होता. आमच्या मुलांचे तांबट त्या ढिगात आहेत, याचा मला फार आनंद आहे. फक्त वहीत जे लिहाल ते खालच्या वॉचमनला, माळ्याला, शेजाऱ्यालाही सांगा.

या वर्षीची हकीकत सांगते आणि थांबते. खुंटावरच्या ढोलीत मार्चमध्ये जोडी बसली. एप्रिलच्या शेवटी आतून बारीक आवाज यायला लागला. परवा भोकातून एक डोकं बाहेर आलं. फिकं हिरवट, लाल टिळा अजून उगवायचा होता.

छाटणीचं काम आमच्याकडे तेच मामा करतात, ज्यांनी त्या वर्षी ती फांदी पाडली होती. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, "ताई, येत्या सोमवारी येणार होतो. तुमचं ते टुकटुक उडालं का?"

मी म्हटलं, "नाही हो मामा, अजून आतच आहेत."

"मग राहू दे," ते म्हणाले, "पुढल्या सोमवारी विचारतो."