त्याचं नाव कोणी काढायचं?

चित्रपट संपून दिवे लागल्यावरही बराच वेळ कोणी खुर्चीतून उठलं नाही. मलाही लगेच बोलायला उभं राहणं जड गेलं. 'मास' मी चौथ्यांदा पाहिला, आणि ती चार माणसं त्या टेबलाभोवती बसली की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

चित्रपट कसा जन्मला ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पार्कलंडमध्ये १४ फेब्रुवारी २०१८ रोजी एका माजी विद्यार्थ्यानं शाळेत गोळीबार केला. १७ जण गेले. फ्रॅन क्रान्झ तोवर अभिनेते म्हणून ठाऊक होते. घरात लहान मुलगी होती आणि ती बातमी त्यांच्या मनातून जाईना. ते अशा घटनांबद्दल वाचत गेले, मारणाऱ्या मुलांच्या आईवडिलांबद्दलही वाचत गेले. त्यातून त्यांनी स्वतः पटकथा लिहिली आणि पहिल्यांदाच दिग्दर्शन केलं. २०२१च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात चित्रपट दाखवला गेला. त्यातली शाळा, मुलं आणि घटना काल्पनिक आहेत.

गोष्ट तुम्ही आत्ताच पाहिलीत. चर्चमधली एक साधी खोली, टेबल, खुर्च्या. एकीकडे गेल आणि जेय, ज्यांचा एव्हन शाळेत मारला गेला. समोर लिंडा आणि रिचर्ड, ज्यांच्या हेडननं त्याच्यासह दहा जणांना मारलं आणि स्वतःलाही संपवलं. पुढे जवळजवळ सगळा वेळ ही चौघं बोलतात. गोळीबार दिसत नाही, शाळा दिसत नाही, मुलांचं बालपण दिसत नाही. दोन्ही मुलं आपल्याला भेटतात ती फक्त आईबापांच्या तोंडून.

याच गोष्टीवर आज मला बोलायचं आहे. मराठीत 'नाव काढणे' याचे दोन अर्थ आहेत. पोरानं नाव काढलं म्हणजे घराण्याची मान उंचावली. आणि एखाद्याचं नाव काढायचं नाही म्हणजे तो विषयच बोलायचा नाही. मूल गेलेल्या घरात हा दुसरा अर्थ न सांगता सुरू होतो.

माझा मावसभाऊ गेला तेव्हा मी कॉलेजात होते. समाचाराला माणसांची रीघ लागली. धीर धरा, देवाच्या मनात होतं ते झालं, आता धाकटीकडे बघा. सगळे मायेनंच बोलत होते. पण तेरा दिवसांत एकानंही त्याचं नाव घेतलं नाही. पुढच्या होळीला मावशी कटाची आमटी करत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला ही वाटीनं प्यायला लागायची ना?" स्वयंपाकघरात सगळ्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. मावशीनं गॅस बंद केला, पाटावर बसली आणि तासभर त्याच्याबद्दल बोलत राहिली. तोंड पोळायचं तरी थांबायचा नाही, म्हणाली. पोळ्या त्या दिवशी दुपारी तीनला झाल्या.

म्हणून लिंडा गेलला एव्हनची एखादी आठवण सांगायला सांगते, तो क्षण मला या चित्रपटाचा गाभा वाटतो. आधी जेय आकडे, कारणं, चुका यांची जंत्री मांडतो. डॉक्टरांनी ओळखलं का नाही, तुम्हाला दिसलं कसं नाही, तुम्ही काय केलंत. त्याचा प्रत्येक प्रश्न रास्त आहे. पण उत्तर मिळालं तरी त्याचा हात रिकामाच राहतो. मुलाची एक साधी घरगुती गोष्ट सांगता सांगता गेलचा आवाज बदलतो. मार्था प्लिम्प्टन यांनी ते ज्या पद्धतीनं केलंय, तिथे वाक्यापेक्षा वाक्याआधीचा श्वास ऐकण्यासारखा आहे.

आणि लिंडाचं काय? तिच्या मुलाचं नाव तर साऱ्या देशात कुणी काढू नये असं झालेलं. जगानं दहा जणांचा शोक केला, आम्ही अकरांचा केला, असं जे त्या बाजूनं येतं, ते पहिल्यांदा ऐकताना मला राग आला होता, हे कबूल करते. आपला मुलगा त्या यादीत बसवायची हिंमत होते कशी? तिसऱ्या वेळी पाहताना कळलं की तिला यादीत जागा मागायचीच नाहीये. ज्याला नऊ महिने वाढवलं त्याचं नाव काढायला तिला एक खोली हवी आहे. अॅन डाऊड यांनी लिंडाला कुठेही केविलवाणी होऊ दिलेलं नाही.

आपल्याकडच्या 'सारांश'ची आठवण इथे येणारच. १९८४चा तो चित्रपट, शिवाजी पार्कातले प्रधान मास्तर आणि पार्वती, न्यूयॉर्कमध्ये मारला गेलेला मुलगा. तिथे बापाला अस्थींसाठी कचेरीत भांडता येतं, पुढे निळूभाऊ फुल्यांनी उभा केलेला पुढारी आडवा येतो, त्याच्याशीही झुंजता येतं. दुःखाला धरायला काहीतरी सापडतं. 'मास'मधल्या चौघांसमोर झुंजायला कोणी नाही. समोर आणखी एक आई बसली आहे.

तंत्राबद्दल एकच सांगते. मध्यावर पडद्याची चौकट रुंद होते आणि तोवर स्थिर असलेला कॅमेरा हातात येऊन थरथरू लागतो. बहुतेकांना ते जाणवत नाही, फक्त अंग सावरून बसावंसं वाटतं. सुरुवातीची ती चर्चमध्ये काम करणारी जुडी, टिश्यूचा डबा कुठे ठेवू म्हणून कासावीस होणारी, तिच्यावर कुणी हसलं तर मला वाईट वाटतं. दुःखाच्या घरी गेल्यावर आपण सगळे तसेच असतो, चपला कुठे काढायच्या तेही सुचत नाही.

शेवटाकडे येते. गेल क्षमा करते, निरोप घेतले जातात, लिंडानं आणलेल्या फुलांसाठी खोकं शोधण्यात वेळ जातो. आणि लिंडा परत येते. इतका वेळ जे सांगितलं नाही ते आता सांगते. एकदा हेडन अंगावर आला, मारायची धमकी देऊ लागला, तेव्हा ती घाबरून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी त्याला मारू द्यायला हवं होतं, म्हणते, म्हणजे मला कळलं असतं तो कोण आहे ते. ही गोष्ट ती नवऱ्याला, वकिलाला, पाद्र्याला सांगत नाही. एव्हनच्या आईला सांगते. गेल तिला जवळ घेते. मग चर्चमध्ये गाण्याची तालीम सुरू होते, आणि तासभर फक्त कारणं शोधणारा जेय ते ऐकत तिथेच उभा राहतो.