ट्यूलिपची मुंडकी उडवणारा देश

(हातात कंद, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ)

नमस्कार मंडळी! हा कांदा वाटतोय ना? तशीच तपकिरी साल, तसाच बुडखा. पण फोडणीला टाकू नका, हा ट्यूलिपचा कंद आहे. तसा खाल्लाही गेलाय म्हणा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम नेदरलंड्समध्ये अन्नधान्य संपलं, तेव्हा मधला पिवळा कोंब काढून लोकांनी हेच कंद उकडून खाल्ले.

आपल्या डोक्यातलं ट्यूलिप म्हणजे हिंदी सिनेमातलं अमिताभ-रेखाचं गाणं. ती बाग क्यूकेनहॉफ, लिस गावातली. दर वर्षी सुमारे ७० लाख कंद लावतात आणि वर्षातून जेमतेम दोन महिने उघडी असते. सुंदरच आहे, जरूर जा. पण मला दाखवायचंय ते बागेबाहेरच्या शेतात.

इथे, नेदरलंड्समध्ये, राहायला आल्यावर पहिल्या वसंतात मी सायकलवरून चालले होते. लाल, पिवळे, जांभळे पट्टे लांबपर्यंत. आणि एका शेतात यंत्र फिरत होतं, मागे नुसती हिरवी देठं! फुलं सऱ्यांमध्ये पडलेली. मी मराठीतच ओरडले, "अहो, काय करताय!"

आपण तुळशीच्या मंजिऱ्या का खुडतो? तेच कारण. फूल राहिलं तर झाडाची ताकद बी धरण्यात जाते. फूल उडवलं की ती खाली कंदात उतरते, आणि शेतकऱ्याला विकायचा असतो कंद! फुलदाणीतली फुलं बहुतेक हरितगृहातून येतात.

ती फुलं विकतात तो लिलावही ऐका. आल्समेअरला फुलांचा प्रचंड मोठा बाजार आहे. आपल्या मार्केट यार्डात बोली चढत जाते, इथे घड्याळावर भाव वरून खाली उतरत येतो. पहिलं बटण ज्याचं, माल त्याचा. स्वस्ताची वाट बघत बसलात तर माल गेलाच.

इतिहास पटकन उरकते. ट्यूलिप मूळचं इथलं नाहीच, तुर्कांकडून युरोपात आलं. क्लुसियस नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ १५९३ मध्ये लायडनला आला, त्यानं ते तिथल्या बागेत लावलं. पुढे भाव वेड्यासारखे चढले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये कोसळले. गंमत म्हणजे ज्या रेघारेघांच्या फुलांवर लोक जीव टाकत होते, त्या रेघा म्हणजे रोग. माव्यानं पसरवलेला विषाणू! आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय फुलासाठी लोकांचं मत घेतलं, तर निवडून आली हिरवळीत पायाखाली येणारी इवलीशी डेझी.

आता सण. २७ एप्रिल, राजा विलेम-अलेक्झांडरचा वाढदिवस, कोनिंग्सदाख. रविवार आला तर आदल्या दिवशी. सगळा देश नारिंगी, कारण राजघराण्याचं नावच ऑरेंज. एरवी गुलाबी असणारी टॉम्पूस नावाची क्रीमची पेस्ट्रीसुद्धा त्या दिवशी नारिंगी होते. आणि राजाच्या वाढदिवसाला लोक काय करतात? घरातलं जुनं सामान रस्त्यावर मांडून विकतात! त्या दिवशी परवाना लागत नाही. आधीच खडूनं चौकोन आखून जागा धरतात, आपल्या एसटीतल्या रुमालासारखी.

घरगुती वाढदिवस आणखी मजेशीर. सगळे खुर्च्यांचं रिंगण करून बसतात आणि तुम्ही फक्त 'बर्थडे बॉय'चं नाही, तर त्याची आई, मावशी, झालंच तर शेजारी, सगळ्यांचं अभिनंदन करायचं. "खफेलिसितेअर्द!" हा खरखरीत ख जमेपर्यंत माझा घसा बसला. आणि कोणाचा वाढदिवस कधी, ते कॅलेंडर टांगतात कुठे? संडासात. हसू नका, रोज नजर पडते की नाही?

(फुलदाणी पुढे घेत)

ही फुलदाणी गेल्या कोनिंग्सदाखची. विकणारी पोरगी असेल सात-आठ वर्षांची. दोन युरो म्हणाली. मी म्हटलं, एक. मान हलवून 'नाही'. दीड? 'नाही.' तुळशीबागेत घासाघीस शिकलेली मी, मुकाट्यानं दोन युरो काढले.

यात परवा ट्यूलिप ठेवलेत. तेव्हा काठाच्या जरा वर होते, आता बघा, चांगले तीन-चार बोटं वाढलेत आणि खिडकीकडे वळलेत. कापल्यावरही ट्यूलिप पाण्यात वाढत राहतं, म्हणून देठ आधीच आखूड कापा आणि फुलदाणी उंच घ्या.

चला, मला पाणी बदलायचंय. भेटू!